ओल्या गिलाव्यावरचा सूरदास

शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात तीन भिंतींवर मध्ययुगातल्या संतांचा मेळा चालला आहे. कबीर, तुलसीदास, आणि त्यांच्यात सूरदास. बिनोदबिहारी मुखर्जींनी हा आंधळा कवी १९४६-४७ साली रंगवला. पुढे जेमतेम दहा वर्षांत डोळ्याची शस्त्रक्रिया फसली आणि ते स्वतःच पूर्ण आंधळे झाले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसताच बसून राहिलो.

शांतिनिकेतनच्या कलाभवनातले त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय. त्यांनी १९७२ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी गुरूवर ‘द इनर आय’ हा वीस मिनिटांचा माहितीपट केला. निवेदनही स्वतःच्याच आवाजात, शांत, कुठेही गहिवर न आणता.

माहितीपट पाहताना मला मात्र ती भिंत सोडवत नाही. असं भित्तिचित्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा दगड होत जातो आणि रंगाचे कण त्या दगडातच कोंडले जातात. गिलावा ओला आहे तोवरच हाताला मुभा. रेघ चुकली तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा चढवायचा. बिनोदबिहारींनी तर भिंतीएवढा खाकाही केला नव्हता. छोटी रेखाटनं जवळ ठेवून ते थेट भिंतीला भिडले.

आणि दृष्टी? एक डोळा जन्मापासून निकामी, दुसऱ्याने फक्त अगदी जवळचं दिसणार. म्हणजे एवढी मोठी भिंत त्यांना एका नजरेत कधी दिसलीच नसेल! समोर हातभर गिलावा, बाकीचा सगळा मेळा मनात. मला वाटतं, न दिसणारं चित्र मनात धरून ठेवायची सवय त्यांच्या हाताला आंधळेपणाच्या कितीतरी आधी लागली होती.

म्हणूनच डोळे गेल्यावर हात थांबले नाहीत. मेणाच्या आकृत्या, रेखाटनं, कागदाचं कातरकाम चालूच राहिलं. घडी आणि कड बोटांना कळते, तिला उजेड लागत नाही. १९७२ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी कलाभवनासाठी चिनी मातीच्या फरश्यांचं भित्तिचित्र केलं. काळा चष्मा लावून काम करणारे बिनोदबिहारी राय यांच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवले आहेत.

माहितीपटाच्या शेवटी निखिल बॅनर्जींची सतार वाजते. राग आसावरी, सकाळचा.