मराठी पत्रक प्रत्येक संगणकावर वाचता यावे म्हणून

वाकोला येथील एखाद्या टंकलेखनाच्या दुकानात बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचे पत्रक तयार करून घेतले व ते संगणकावरून चिपळूणच्या कृषि कार्यालयास धाडले, अशी कल्पना करावी. तेथे ते उघडताच मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते. पत्रक बिघडलेले नसते. दुकानातील फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा संच, चिपळूणच्या संगणकात नसतो इतकेच. फवारणीचा हंगाम मात्र त्यासाठी थांबत नाही.

संगणक अक्षर साठवीत नाही; अक्षराचा क्रमांक साठवितो. जुन्या मराठी फॉन्टांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेल्या असत आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असे. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, तसाच हा प्रकार होय. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आणून तो घोळ मिटविला. अक्षरांच्या बाबतीत तेच कार्य १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक प्रमाणाने केले. त्यात ‘क’ चा क्रमांक २३२५ असून तो कोणत्याही यंत्रावर बदलत नाही. त्यामुळे एक युनिकोड फॉन्ट नसला तरी दुसऱ्याने मजकूर वाचता येतो. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा असाच फॉन्ट. तो रेखाटणारे रघुनाथ कृष्ण जोशी हे वाकोल्याजवळच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी संबंधित होते. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले.

दुसरा उपाय पीडीएफचा. १९९३ साली आलेली ही पद्धत २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली. तीत लागणारा फॉन्ट पत्रकाच्या आतच ठेवता येतो, म्हणून पानाची मांडणी सर्वत्र सारखी दिसते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच स्वरूपात मिळतो. तथापि जुन्या फॉन्टातील मजकुराची पीडीएफ केल्यास ती दिसते मराठी, पण आतील क्रमांक जुनेच राहतात. तीत शब्द शोधता येत नाही आणि उतारा घेतल्यास पुन्हा खिचडीच हाती येते.

सबब पत्रके तयार करताना पुढील काळजी घ्यावी :

१. मजकूर प्रारंभापासून युनिकोडमध्ये, शक्यतो इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकलिखित करावा.

२. ज्या पत्रकात पुढे दुरुस्ती व्हावयाची असेल त्याची मूळ प्रत जपून ठेवावी. वाटपासाठी फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ पाठवावी.

३. जुन्या पत्रकांचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर ती छापील प्रतीशी ताडून पाहावीत. जोडाक्षरे, रफार व दशांशचिन्ह यांकडे विशेष लक्ष द्यावे. बोर्डो मिश्रणाच्या ०.५ टक्क्यातील टिंब गळून ५ टक्के वाचले गेले, तर कोवळी पाने करपून जातील.

४. पाठविण्यापूर्वी पत्रक दुसऱ्या संगणकावर व एका मोबाइलवर उघडून त्यात ‘फवारणी’ हा शब्द शोधून पाहावा. तो सापडला आणि मजकूर शुद्ध दिसला, तरच पत्रक गावोगाव धाडावे.

बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती तपासतात. पत्रकाचीही अशीच परीक्षा घेणे हिताचे होय.