नितळ पाण्याचा हंगाम

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मराठी घरांत सहलीची चर्चा बहुधा दिवाळीनंतर सुरू होते आणि प्रत्यक्ष प्रवास मे महिन्यात घडतो. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, शहरातील पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो आणि समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या कुटुंबाला कोकणची ओढ लागणे स्वाभाविकच असते. अलीकडे या ओढीत एका नव्या आकर्षणाची भर पडली आहे. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासनलिका आणि पायांत रबरी पर चढवून पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगायचे आणि खालची सृष्टी पाहायची, अशा या खेळाला स्नॉर्केलिंग म्हणतात. मालवण, तारकर्ली आणि देवबाग येथे त्याची सोय आहे. खोल बुडी मारावी लागत नाही, फार पोहताही यावे लागत नाही. त्यामुळे आजोबांपासून नातवापर्यंत सारेच उत्साहाने तयार होतात.

अडचण एवढीच, की ज्या महिन्यात सुट्टी असते त्या महिन्यात समुद्र पाहुण्यांच्या स्वागतास फारसा तयार नसतो. हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून गेलेले कुटुंब किनाऱ्यावर पोहोचते, पैसे भरते, पाण्यात उतरते आणि त्याला हिरवट धुक्याखेरीज काहीच दिसत नाही, असे अनेकदा घडते. दोष ना मुखवट्याचा असतो, ना नावाड्याचा. दोष हंगामाच्या निवडीचा असतो.

हंगाम म्हणजे काय, हे समजण्यासाठी जबलपूरकरांना दूर जाण्याची गरज नाही. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून होणारा नौकाविहार पावसाळ्यात सुमारे चार महिने बंद असतो. त्या दिवसांत ग्वारीघाटावर नर्मदेचे पाणी मातकट होते आणि पूर मोठा असेल तर धुवाँधारचा प्रपातही पाण्याखाली लोपतो. पाऊस थांबल्यावर गाळ हळूहळू खाली बसतो आणि हिवाळ्याच्या मध्यावर तेच पाणी हिरवेगार, नितळ दिसू लागते. समुद्राचेही गणित पुष्कळसे असेच आहे. मात्र नदीत नसलेल्या तीन गोष्टी तेथे जमेस धराव्या लागतात: वारा, भरती-ओहोटी आणि पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव.

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात. जांभ्या दगडाच्या डोंगरउतारांवरून तांबडी माती वाहून आणणाऱ्या गड, कर्ली यांसारख्या नद्या ती थेट समुद्रात लोटतात. देवबागजवळ कर्लीच्या मुखापाशी पावसाळ्यात उभे राहिले, तर नदीचे पाणी कोठे संपते आणि समुद्राचे कोठे सुरू होते, हे रंगावरून ओळखता येते. त्याच वेळी नैर्ऋत्येकडून येणारे वारे उथळ तळ ढवळून काढतात. पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात याच काळात खोलवरचे थंड आणि पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यामुळे सूक्ष्म वनस्पतींची अफाट वाढ होते. मासळीच्या दृष्टीने ती पर्वणीच असते, कारण कोकणातील मच्छीमाराची सुबत्ता या हिरव्या पाण्यावरच अवलंबून आहे. पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो पडदा ठरतो.

हा पडदा पाऊस संपताक्षणी दूर होत नाही. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण होते, प्रवासी नौका साधारणतः सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होतात आणि पर्यटकांना वाटते, की हंगाम उघडला. किल्ला पाहण्यापुरता तो उघडलेलाही असतो; परंतु ऑक्टोबरच्या बहुतांश दिवसांत पाणी गढूळच राहते. दिवाळीची सुट्टी याच सुमारास येते आणि तिला आणखी एक धोका चिकटलेला असतो. मान्सून माघारी फिरताना अरबी समुद्रात चक्रीवादळे उद्भवू शकतात. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ वादळ किनाऱ्यावर प्रत्यक्ष आदळले नाही, तरीही त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गातील किनारी वस्त्यांत पाणी शिरले होते. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर समुद्रतळाच्या दर्शनाची अपेक्षा न ठेवता जावे. नोव्हेंबरच्या मध्याकडे झुकलेली असेल तर आशा बाळगण्यास हरकत नाही.

खरा काळ नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा. या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो. मालवणीत त्याला मतलई म्हणतात. जमिनीकडून येणारा वारा किनाऱ्यालगत मोठ्या लाटा उठवू शकत नाही, म्हणून सकाळचा समुद्र तळ्यासारखा शांत असतो. नद्यांचे पाणी ओसरलेले, गाळ बसलेला आणि आकाश निरभ्र. दुपारनंतर मात्र समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी हलू लागते. जसजसा उन्हाळा जवळ येतो, तसतसा हा दुपारचा वारा लवकर आणि जोराने येऊ लागतो. जानेवारीत दुपारपर्यंत मिळणारी उसंत एप्रिलमध्ये सकाळच्या काही तासांवर येऊन ठेपते. म्हणूनच महिना कोणताही असो, पाण्यात उतरण्याची वेळ सकाळचीच हवी. सूर्य थोडा वर आल्याखेरीज खालपर्यंत प्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे अगदी उजाडता जाण्यातही अर्थ नाही. साधारण नऊ ते अकरा हे दोन तास सर्वांत फलदायी.

नाताळचा आठवडा या उत्तम काळातच पडतो, तरीही त्याची शिफारस करवत नाही. खोल्यांचे दर चढलेले, नौकांची रांग लागलेली आणि एकाच जागी शेकडो पाय तळाची वाळू उडवीत असलेले. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा उत्तरार्ध यांत तोच समुद्र निम्म्या गर्दीत पाहता येतो. २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी मोहात पाडते खरी. पण ती साऱ्या महाराष्ट्रालाच मोहात पाडते.

आठवडा ठरला की दिवस ठरवायचा, आणि येथे घरातील भिंतीवरची दिनदर्शिका उपयोगी पडते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतील फरक सर्वाधिक असतो. त्याला उधाण म्हणतात. पाण्याची ये-जा जोरात होते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास हा फरक कमी होतो, तो भांग. समुद्राला प्रतिसाद द्यायला थोडा वेळ लागतो, म्हणून उधाण काय किंवा भांग काय, प्रत्यक्षात तिथीनंतर एक-दोन दिवसांनी पूर्णत्वाला येतात. सबब नवमी आणि दशमी हे पाणी सर्वांत स्थिर असण्याचे दिवस.

भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळाही किनाऱ्यावर सर्वज्ञात आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीचा अंदाजे तास मिळतो. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब मुंबईला अधिक लागू पडतो. मालवणला भरती काहीशी लवकर येते. भरतीबरोबर बाहेरचे स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येते आणि ओहोटीबरोबर खाडीतील गढूळ पाणी बाहेर पडते. त्यामुळे भरती पूर्ण झाल्यानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा अवधी उत्तम. दशमी-एकादशीला तो नेमका सकाळी मिळतो. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब सारखाच; महिन्यातून अशी संधी दोनदा येते. स्थानिक नावाड्याला फोन करून खातरजमा करावी, हे सांगणे नलगे.

मेविषयी काही स्पष्ट बोलणे भाग आहे. जबलपूरहून जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांची सोय याच महिन्यात असते आणि पहिल्या आठवड्यातील एखादी शांत सकाळ चांगले दर्शन घडवूही शकते. महिन्याच्या मध्यानंतर मात्र मान्सूनपूर्व लाटांचा भरवसा देता येत नाही. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेले आणि मालवण-देवगड पट्ट्यात मोठी हानी झाली. पुढच्याच वर्षी, २४ मे २०२२ रोजी, तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन परतणारी नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. सागरी प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा दर वर्षी साधारणतः २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद ठेवल्या जातात, त्या उगाच नव्हे. बंदीच्या आदल्या आठवड्यात समुद्र सुरक्षित आणि दुसऱ्या दिवशी असुरक्षित, असे निसर्गात नसते. ज्यांना मेमध्येच जाणे भाग आहे, त्यांनी किल्ला पाहावा, सोलकढी प्यावी, कर्लीच्या खाडीत शांत नौकाविहार करावा आणि मुलांना समुद्रतळ दाखविण्याचा बेत हिवाळ्यावर टाकावा. शाळेतून तीन दिवसांची रजा घेणे काही आईवडिलांना रुचत नाही. पण ती रजा एका निष्फळ सहलीपेक्षा स्वस्त पडते.

पाण्याखाली काय दिसते, याविषयीही आधीच कल्पना असलेली बरी. सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी १६६४ मध्ये सुरू झाली. त्याच्या परिसरातील खडकाळ तळावर प्रवाळांचे लहान-लहान पुंजके आहेत. १९८७ मध्ये या भागाला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. येथे पोपटमासा, फुलपाखरी मासा आणि पट्टेरी माशांचे थवे दिसतात. चार-सहा मीटरपर्यंत स्पष्ट दिसले, तर दिवस चांगला म्हणायचा. जाहिरातींतील निळेशार छायाचित्र बहुधा अन्य कोठले तरी असते.

तसे निळे पाणी हवे असेल तर लक्षद्वीप किंवा अंदमान गाठावे लागते, आणि तेथील दिनदर्शिका वेगळी आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळद्वीपांवर एकही नदी नाही, त्यामुळे गढूळपणाचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत काळ अनुकूल असतो. प्रवेशपरवाना मात्र आधी मिळवावा लागतो. अंदमानात दोन्ही मान्सूनांचा पाऊस पडतो, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरवरही तेथे विसंबता येत नाही. जानेवारी ते एप्रिलचा मध्य हा काळ सर्वांत शांत. वंडूरजवळील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आळीपाळीने खुली ठेवतात. त्यामुळे प्रवाळांना विसावा मिळतो. या विसाव्याची त्यांना गरज आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत समुद्र नेहमीपेक्षा तापल्याने भारतीय सागरातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. ही तापमानवाढ मुख्यत्वे एप्रिल-मेमध्ये होते. पाणी नितळ आणि प्रवाळ आजारी, अशीही अवस्था त्या दिवसांत भेटू शकते.

सेवानिवृत्तीनंतर परदेशी क्रूझचा विचार करणारे ग्राहकही आता कमी नाहीत आणि कॅरिबियन समुद्राच्या सवलतीच्या जाहिराती त्यांच्यापर्यंत पोहोचतात. त्या सवलती बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांच्या असतात. तेथील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असून सप्टेंबर हा त्याचा कळस. डिसेंबर ते मार्च हवा कोरडी आणि सुखद असते, परंतु व्यापारी वारे जोरात वाहतात. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे हा त्यातल्या त्यात शांत काळ, म्हणजे आपल्याकडील अगदी उलट! जहाज एखाद्या बेटावर जेमतेम काही तास थांबते. तेथे तिथी किंवा भरतीची निवड प्रवाशाच्या हाती नसते. म्हणून क्रूझच्या बाबतीत महिना चुकला, की सारेच चुकले.

तयारीचा भाग थोडक्यात. श्वासनलिकेतून तोंडाने श्वास घेण्याची सवय शहरातील तरणतलावात चार दिवस करून घ्यावी. नर्मदेच्या डोहात हा प्रयोग मुळीच करू नये. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालावे, पोहता येणाऱ्यानेही. दमा, हृदयविकार किंवा अपस्मार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नोंदणीकृत नौकेतच बसावे आणि तिची प्रवासीक्षमता विचारून घ्यावी. प्रवाळांवर उभे राहू नये आणि माशांना पाव-बिस्किटे टाकू नयेत. प्रवासविमा घेताना साहसी क्रीडा त्यात समाविष्ट आहेत की वगळलेल्या आहेत, हे कलम वाचल्याशिवाय स्वाक्षरी करू नये. बारीक अक्षरांतील तेच एक कलम दाव्याच्या वेळी मोठे होते.

खर्चाचा प्रश्न हंगाम बदलल्याने उलट सोपा होतो. मेऐवजी जानेवारी ठरविला, तर बचतीला आठ महिने अधिक मिळतात. दरमहा तीन हजार रुपयांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव मुदतीअंती छत्तीस हजार रुपये आणि वर व्याज हाती देते. जानेवारीअखेर प्रवास असेल तर ही ठेव आदल्या डिसेंबरात सुरू केलेली बरी, म्हणजे सहलीपूर्वी महिनाभर रक्कम हाती असते. रजा प्रवास सवलत घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी रजेचा अर्ज मात्र तिथी पाहून करावा.

मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरात जुळला, तेव्हापासून या शहराला पश्चिम किनारा जवळ आला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णतः सुरू झाल्यावर कुडाळ आणि सिंधुदुर्ग ही मालवणजवळची स्थानकेही आटोक्यात आली. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. जानेवारीच्या उत्तरार्धातील दशमी निवडली असेल, तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, खिडकी उघडण्याच्या पहिल्याच सकाळी, तिकिटे काढावीत.