जुनी वाट बुजवितांना

जुलै २०१३ मध्यें तारखात्यानें निरोप घेतला, तेव्हां गिरगांव-दादरकरांचें फारसें अडलें नाहीं. घरोघर भ्रमणध्वनि पोंचला होता. आतां त्याच्याच जुन्या पिढ्यांची पाळी आहे. एअरटेलनें २०२० पर्यंत तिसरी पिढी गुंडाळली, दुसरी मात्र राखली. दुसरीही इतिहासजमा करावी, अशी हांक त्याच वर्षीं मुकेश अंबानींनीं दिली. लहरींचा पट्टा मर्यादित. त्यांतून चौथी पिढी कितीतरी अधिक मजकूर वाहते, हें खरेंच. परंतु चाळींतली वृद्ध आजी लेकाला हांक मारते ती कळीच्या साध्या यंत्रावरून, दुसऱ्या पिढीच्याच आधारानें. तिच्या हातीं नवें यंत्र देऊन, तें धीरानें शिकवून, मगच जुनी वाट बुजवावी. हें काम कंपन्यांचें, तसेंच घरांतल्या नातवंडांचेंही आहे.