हजार लिव्र मोजून पुसलेली वाट

फ्रान्समध्ये अनेक संरक्षित वास्तूंच्या दारावर लाल पाटी असते. तिच्यावर एक चौकोनी पांढरी आकृती दिसते, चारही कोपऱ्यांना बुरूज फुटलेली. ही आकृती रँसच्या कॅथीड्रलमधल्या लॅबिरिंथची, म्हणजे फरशीवर आखलेल्या वळणावळणाच्या वाटेची आहे. तो लॅबिरिंथ मात्र कॅथीड्रलवाल्यांनीच १७७९ साली उखडून टाकला. मुलं त्याच्या रेघांवरून पळत, गलका करत आणि उपासनेत व्यत्यय येई, म्हणून जाकमार नावाच्या कॅननने (कॅथीड्रलच्या पुरोहितमंडळातल्या सदस्याने) त्या कामासाठी एक हजार लिव्र, म्हणजे तेव्हाची फ्रेंच नाणी, दिले.

फरशीबरोबर एक दस्तऐवजही गेला. कोपऱ्याच्या बुरुजांत कॅथीड्रल उभारणाऱ्या चार मुख्य स्थपतींच्या प्रतिमा होत्या: जाँ दॉर्बे, जाँ ल लू, गोशे आणि बर्नार द स्वासाँ. कोणी काय बांधलं, किती वर्षं राबला, हेही तिथेच कोरलेलं होतं. मध्ययुगातल्या कारागिरांची अशी नोंद दुर्मीळ. सोळाव्या शतकात जाक सेलिएने काढलेलं रेखाचित्र आणि सतराव्या शतकातल्या कोको या कॅननची टिपणं टिकून राहिली, म्हणून निदान नावं तरी उरली. पण चौघांत आधी कोण आणि नंतर कोण, यावर इतिहासकार अजून भांडतात. मुलांचा गलका दोन-चार वर्षांत आपोआप थांबला असता. ती फरशी परत मिळणार नाही.

रँसहून गाडीने वायव्येला निघालं की सँ-काँतँ लागतं. तिथला अष्टकोनी लॅबिरिंथ शाबूत आहे. पुढे आमियाँ. तिथला १२८८चा लॅबिरिंथ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढला आणि त्याच शतकाच्या अखेरीस पुन्हा घातला.

दक्षिणेकडच्या ओसेरला आता फरशीवर काहीच नाही, पण तिथलं भांडण विसरण्याजोगं नाही. ईस्टरला नव्या कॅननने एक चेंडू आणायचा, डीनने, म्हणजे कॅननांच्या प्रमुखाने, तो घेऊन स्तोत्र गात लॅबिरिंथवर नाचायचं आणि हात धरून फिरणाऱ्या इतर कॅननांकडे तो फेकायचा, असा रिवाज होता. १४७१ साली जेरार र्वाये या नव्या कॅननने चेंडू आणायला साफ नकार दिला आणि ग्रंथांचे आधार पुढे केले. प्रथा तरीही तगली. १५३८मध्ये पॅरिसच्या न्यायसभेच्या हुकमाने ती बंद पडली.

हा खेळ माहीत असला की आजच्या लॅबिरिंथभोवतीची सक्तीची शांतता फार एकांगी वाटते.

लॅबिरिंथवरून चालण्याची आजची लाट शार्त्रच्या कॅथीड्रलमधून उठली. तिथला तेराव्या शतकातला लॅबिरिंथ सुमारे १३ मीटर व्यासाचा, अकरा फेऱ्यांचा, पण बहुतेक दिवस खुर्च्यांखाली झाकलेला. १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलच्या धर्मोपदेशिका लॉरेन आर्ट्रेस यांनी सोबत्यांसह त्या खुर्च्या बाजूला सारल्या आणि त्या वाटेवरून चालल्या. त्याच वर्षअखेर ग्रेसमध्ये रंगवलेल्या कॅनव्हासवर तीच आकृती अंथरली गेली. पुढे चर्चेसची मागणी इतकी वाढली की सेंट लुईच्या रॉबर्ट फेरे यांच्यासारख्यांनी लॅबिरिंथ घडवणं हाच व्यवसाय केला.

या कामात नकाशापेक्षा जागा जास्त अडवते. खांब मध्ये येतात, बाकं हलत नाहीत, सभागृह लहान पडतं. शार्त्रची वाट जेमतेम ३४ सेंटिमीटर रुंद आहे. लहान सभागृहात अकरा फेऱ्या बसवल्या तर ती आणखी आवळते आणि समोरून येणाऱ्याला वाट देणंही कठीण होतं. व्हीलचेअर जायची असेल, तर फेऱ्या कमी करून वाट रुंद करावीच लागते. हुबेहूब शार्त्रच हवं म्हणून अडून बसलेल्या चर्चच्या समितीला सात फेऱ्यांवर राजी करणं, हे लॅबिरिंथ घडवणाऱ्याचं सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचं काम.