दुरुस्तीचं केंद्र टिकतं कशावर?



कारखान्याचा पट्टा पडला, गव्हाणीतला आवाज थांबला, की आपल्याला वाटतं आता सगळं शांत झालं. पण वर्कशॉपचं काम तेव्हाच सुरू होतं. मिलचे रोलर बाहेर निघतात, झिजलेले दात पुन्हा भरले जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंपांची बेअरिंगं बदलली जातात. एक बेअरिंग गेलं म्हणून अख्खी मिल भंगारात घातली, तर वार्षिक सभेत आपणच संचालकांना धारेवर धरू.

आणि घरी आपण काय करतो? फवारणीच्या पंपातला दहा-वीस रुपयांचा वॉशर गेला, की पंप गोठ्याच्या कोपऱ्यात जातो. पंख्याचा कंडेन्सर गेला, मिक्सरचे कार्बन झिजले, शिलाई मशीनचा पट्टा तुटला, की ती वस्तू माळ्यावर आणि तिथून भंगारवाल्याच्या गाडीत. दुकानदाराचंही चुकत नाही. एवढ्याशा कामाला वेळ घालवणं त्याला परवडत नाही, म्हणून तो सांगतो, "नवीनच घ्या."

या अडचणीवर काही ठिकाणी लोकांनी सहकाराच्याच चालीची एक वाट काढली आहे. नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅम शहरात मार्टिन पोस्टमा या बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये पहिलं ‘रिपेअर कॅफे’ भरवलं. ज्यांच्या हातात कसब आहे त्यांनी महिन्यातून एखादा दिवस द्यायचा, लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या आणि शेजारी बसून दुरुस्त करून न्यायच्या. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळूरला, ती २०१५ साली सुरू झाली. वापरलेल्या वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडाव्यात, ही कल्पना तर आपल्याकडं नवी नाहीच. कोल्हापूरकरांना ‘माणुसकीची भिंत’ ठाऊक आहे. चांगले पण नको असलेले कपडे तिथं आणून द्यायचे, गरजवंतानं घेऊन जायचे.

शिरोळ तालुक्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपण नद्यांच्या कुशीत राहतो. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, वर वारणा, खाली दूधगंगा. दत्त महाराजांच्या मंदिरात पाणी आलं की आपण दक्षिणद्वाराचं स्नान करतो, पण तेच पाणी घरात शिरलं की काय होतं, हे २००५, २०१९ आणि २०२१ साली आपण सोसलं आहे. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला कशाचे ढीग लागले होते ते आठवा. मिक्सर, पंखे, टी.व्ही., गिरणीच्या मोटारी, शिलाई मशीनं. त्यातलं सगळंच वाया गेलेलं होतं असं नाही. पण तपासणार कोण?

केरळात २०१८ च्या महापुरानंतर आय.टी.आय.ची मुलं आणि त्यांचे शिक्षक गटानं घरोघर गेले, वायरिंग तपासलं, भिजलेली उपकरणं दुरुस्त करून दिली. आपल्याकडं हे कसब नाही असं कोण म्हणेल? ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक दुरुस्त करता करता कोल्हापूरच्या मिस्त्री मंडळींनी सुटे भाग ओतायला सुरुवात केली आणि त्यातूनच तिथला कारखानदारीचा व्याप वाढला. आपल्या कारखान्यांतले फिटर, वेल्डर, वायरमन निवृत्त होऊन गावोगावी आहेत. हंगाम नसताना घरी असलेले सिझनल कामगारही आहेत.

भिजलेली मोटर कशी वाचवायची, हे इथंच सांगून ठेवतो. पहिली गोष्ट, "चालतीय का बघू" म्हणून तिला करंट द्यायचा नाही. निम्म्याहून अधिक मोटारी पाण्यानं नव्हे, या घाईनं जळतात असं जुने वायरमन सांगतात. मोटर उघडून गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, ती पूर्ण वाळवायची, मग वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये मेगर लावायचा. आपल्या थ्री-फेज मोटारीला एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर ती अजून ओली आहे किंवा वाइंडिंग खराब आहे असं समजायचं. बेअरिंगमधलं ग्रीस काढून नवं भरायचं, नाहीतर बेअरिंगच बदलायचं. सबमर्सिबल तर पाण्यातच चालणारी, तिच्याबाबतीत बुडून बिघडतो तो बहुधा वरचा स्टार्टर. हे एकानं दहा जणांना शेजारी बसवून दाखवलं, तर पुढच्या पुरात दहा मोटारी वाचतील. केंद्राचा खरा फायदा हाच आहे.

आता मुख्य मुद्दा. असं केंद्र सुरू करणं अवघड नाही. दोन-तीन जाणती माणसं, एक टेबल आणि पाने-पक्कड एवढ्यावर ते सुरू होतं. बंद पडायची वेळ येते ती मिस्त्री नाहीत म्हणून नव्हे, त्यांच्या पाठीशी कोणी नाही म्हणून. आलेल्या वस्तूची नोंद मिस्त्रीच करतो, वॉशर आणायला तालुक्याला तोच जातो, खिशातले पैसे तोच घालतो आणि संध्याकाळी जागाही तोच झाडतो. सहा महिन्यांत तो कंटाळतो. त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून ज्याला पाना धरता येत नाही, त्याचाही केंद्राला उपयोग आहे. आमच्या सूचना अशा :

१) जागा : विकास सोसायटीचं रिकामं गोडाऊन किंवा शाळेची खोली महिन्यातून एका रविवारी मिळावी. जागा पुराच्या पाण्यापासून उंचावर असावी.

२) नोंदवही : वस्तू कोणाची, बिघाड काय, कोणता भाग लागला, हे लिहायला एक माणूस असावा. कॉलेजची मुलं-मुली हे काम छान करतील.

३) सुट्या भागांचा निधी : शंभर सभासदांनी वर्षाला पन्नास रुपये दिले तर पाच हजार होतात. वॉशर, कंडेन्सर, कार्बन यांचा साठा त्यातून होईल. भागाची किंमत वस्तू आणणाऱ्यानं द्यायची, म्हणजे निधी फिरता राहील. मजुरी मात्र नाही.

४) आणणाऱ्याची शिस्त : वस्तू पुसून आणावी, बिघाड खरा सांगावा आणि काम होईपर्यंत शेजारी बसावं. "ठेवून जातो, उद्या नेतो" म्हटलं की केंद्राचं भंगारघर होतं.

५) दुसऱ्याला द्यायच्या वस्तू : त्या आधी चालत्या कराव्यात. हंगामात ऊसतोड कुटुंबं आपल्या शिवारात खोप्या टाकून राहतात. त्यांच्या मुलाला सायकल द्यायची तर ब्रेक लागणारी द्यावी. मोडकी वस्तू देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं.

काही कामं मात्र केंद्रानं घेऊ नयेत. गॅसचे रेग्युलेटर, मायक्रोवेव्ह, फुगलेल्या किंवा भिजलेल्या मोबाइलच्या बॅटऱ्या यांत जिवाला धोका आहे. ज्याचं काहीच होणार नाही तो विजेचा भंगार वेगळा ठेवून परवाना असलेल्या संकलन केंद्राकडं द्यावा. तारेवरचं प्लॅस्टिक जाळून तांबं काढू नये, त्याचा धूर विषारी असतो.

"यानं गावातल्या मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल," असं कोणी म्हणेल. ही शंका रास्त आहे. म्हणून रिवाइंडिंगसारखं मोठं काम केंद्रानं त्याच्याचकडं पाठवावं आणि तो सोडून देतो तेवढीच लहान कामं स्वतः करावीत. जी वस्तू आज थेट भंगारात जाते, तिचं मोठं काम निघालं तर गिऱ्हाईक उलट त्याच्याच दुकानात जाईल.

सभासद हो, एकट्याला न पेलणारी गोष्ट शंभरांनी थोडी थोडी उचलायची, याच हिशेबावर आपले कारखाने उभे राहिले. दुरुस्ती केंद्राचा हिशेब वेगळा नाही. पावसाळा तोंडावर आला की नदीकाठच्या मोटारी वर काढायची धावपळ सुरू होईल. तरी त्याआधी प्रत्येक गावातील सभासदांनी एकत्र बसून कसब कोणाकडं आहे, जागा कोण देतो आणि वही कोण सांभाळतो, ही तीन नावं ठरवावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.