तीन इंजिनांची एक कूपे आणि आपली ट्रॅक्स

खडेबाजारात माल उतरवणारी जुनी ट्रॅक्स म्हणजे रस्ता अडवणारी गाडी, एवढीच तिची ओळख. पण तिचं बॉनेट उघडलं की मर्सिडीजच्या एका गाजलेल्या कूपेतल्या इंजिनाचं सख्खं भावंड दिसतं.

ती कूपे म्हणजे सी-111. 1969 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हा नारिंगी रंग, वर उघडणारी दारं आणि आसनांमागे तीन रोटरचं व्हँकेल इंजिन, 280 अश्वशक्तीचं. पुढच्याच वर्षी चार रोटर, 350 अश्वशक्ती. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, चालायला लोण्यासारखं मऊ. पण पेट्रोल भसाभस प्यायचं, धूरही नियमांत बसेना. 1973च्या तेलटंचाईने तर त्याचं भवितव्यच संपलं. गाडी कधी विक्रीला आलीच नाही.

मग 1976 साली कंपनीने त्याच गाडीत चक्क डिझेल बसवलं. पाच सिलिंडरचं, तीन लिटरचं ओएम 617. साध्या मोटारीत ते 80 अश्वशक्ती द्यायचं, टर्बो आणि इंटरकूलर जोडून इथे 190 काढली. इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर चौघा चालकांनी साठेक तास आळीपाळीने ती पळवली. सरासरी ताशी 252 किलोमीटर, सोळा जागतिक विक्रम! पुढे 1979 साली आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाने ताशी 403 गाठले. आकडा मोठा, पण त्याचं मला फारसं कौतुक नाही. पाचशे अश्वशक्ती ओतल्यावर वेग येणारच.

ओएम 617 मधला एक सिलिंडर कमी केला की होतं ओएम 616. बोअर तोच, स्ट्रोक तोच. हेच 2.4 लिटरचं इंजिन बजाज टेम्पोने परवाना घेऊन आपल्याकडे बनवलं आणि ट्रॅक्सला बसवलं. डिझेल आधी छोट्या पूर्वकक्षात पेटतं, म्हणून गार इंजिनाला हिटरची गरज. थंडीत वडापवाला किल्ली अर्धी फिरवून थांबतो, तो हिटर लाल होण्यासाठी. पिकअपच्या नावाने बोंब, पण चोर्ला घाटात भाजीचा माल घेऊन दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढतं. मिस्त्रीही पंप, नोजल, लायनर-पिस्टन डोळे झाकून ओळखतात.

कूपेच्या तिन्ही इंजिनांत माझं मत डिझेललाच. जुनी ट्रॅक्स घेणार असाल तर एक करा: इंजिन पूर्ण गार असताना स्वतः स्टार्ट करून पाहा. मालकाने आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाची दुखणी कळत नाहीत.