आर्लिंग्टन रो : दगडी घरांची एक ओळ

इंग्लंडांतील ग्लॉस्टरशर परगण्यांत, कोल्न नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं, बायबरी हें खेडें आहे. तेथें भिंतीस भिंत लागून उभ्या असलेल्या दगडी घरांची एक ओळ असून तिला आर्लिंग्टन रो म्हणतात. तिचें चित्र पाहणारास वाटतें कीं, कोणा कुशल शिल्पज्ञानें ही केवळ सौंदर्यासाठींच रचली असावी. वस्तुस्थिति निराळी आहे. या ओळींत शोभेसाठीं म्हणून केलेलें फारच थोडें आहे.

ही इमारत मुळांत राहण्याची नव्हतीच. सुमारें १३८० सालीं ती एका मठाचें लोंकरीचें कोठार म्हणून बांधण्यांत आली. पुढें सतराव्या शतकांत त्या लांबट कोठाराचीं विणकरांचीं घरें झालीं. मधून आडव्या भिंती घातल्या, धुराडीं चढविलीं आणि माळ्यावर उजेड यावा म्हणून छपरांतून त्रिकोणी माथ्याच्या खिडक्या काढल्या. विणलेलें कापड जवळच्या आर्लिंग्टन गिरणींत जाई. तेथें पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या हातोड्यांनीं तें कुटून घट्ट करीत, आणि घरांसमोरच्या ओलसर बेटावर चौकटींवर ताणून वाळवीत. त्या बेटाला अजूनहि ‘रॅक आइल’, म्हणजे चौकटींचें बेट, असें म्हणतात. घर, नदी, गिरणी व बेट मिळून हा एकच कारखाना होता.

या घरांचा दगड त्याच कॉट्सवोल्ड टेंकड्यांतील चुनखडीचा आहे. माशाच्या अंड्यांसारख्या बारीक कणांचा तो बनलेला असतो. खाणींतून काढतांना तो मऊ असल्यामुळें सहज घडतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो.

खरें कौशल्य मात्र छपरांत आहे. त्यावर कौलें नसून दगडाच्या पातळ फरशा आहेत. अशा फरशा काढण्याचें काम निसर्गच करी. थरांचा दगड खणून तो ओला ठेवीत. हिंवाळ्यांत थरांमधील पाणी गोठून फुगे आणि दगड आपोआप उकले. प्रत्येक फरशीला वर भोंक पाडून ओकची खुंटी बसवीत व ती रिपेवर अडकवीत. मोठ्यांत मोठी फरशी वळचणीपाशीं, आणि आढ्याकडे जावें तों लहान लहान, असा क्रम असतो. साऱ्या छपराचें पाणी वळचणीवरून वाहतें, म्हणून तेथें सांधे कमी हवेत. जड फरशीला भिंतीचा आधारहि तेथेंच मिळतो. शिवाय लहान तुकडाहि वायां जात नाहीं. खडबडीत दगडावर पाणी रेंगाळूं नये म्हणून उतार ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक ठेवतात. ज्या उभट छपरांचें एवढें कौतुक होतें, त्यांचें कारण हें असें पावसांत आहे.

जुनें घर वांचविण्याचे दोन मार्ग या भागानें पाहिले. अमेरिकेंतील मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनीं १९३० च्या सुमारास जवळच्याच चेडवर्थ गांवांतील एक दगडी घर उकलून मिशिगनमधील डिअरबॉर्न येथें आपल्या संग्रहालयांत पुन्हां उभें केलें. दगड तेच राहिले. टेंकडी व शेजार मात्र मागें राहिला. आर्लिंग्टन रोची दुरुस्ती १९२९ सालीं रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेच्या पुढाकारानें जागच्या जागीं झाली. आज ती नॅशनल ट्रस्टच्या मालकीची असून तेथें माणसें राहतात.

तरीहि एक अडचण उरतेच. अशा फरशांच्या बहुतेक जुन्या खाणी बंद पडल्या आहेत. त्यामुळें एक छप्पर दुरुस्त करण्यासाठीं पुष्कळदां दुसऱ्या जुन्या छपराच्या फरशा काढून आणाव्या लागतात. म्हणजे एक घर राखण्यासाठीं दुसरें उघडें पडतें. सौंदर्य पाहण्यास येणारांची तेथें वाण नाहीं. परंतु त्या ओळीचें पुढील आयुष्य ठरेल तें, एखादी खाण चालू राहते कीं नाहीं आणि फरशी कशी बसवावी हें जाणणारे हात शिल्लक राहतात कीं नाहीं, यावरच.